पीटीओ शाफ्टचे ग्रीसिंग: कुठे, किती आणि का

रोटाव्हेटरच्या गिअरबॉक्सचे ऑइल सील पुन्हा पुन्हा जात असेल, ट्रॅक्टरच्या पीटीओपाशी (इंजिनाची ताकद अवजाराला देणारा मागचा फिरता दांडा) तेल पाझरत असेल आणि नवे सील टाकूनही थोड्याच दिवसांत तीच गत होत असेल, तर सीलला दोष देण्याआधी या दोहोंना जोडणाऱ्या मधल्या शाफ्टकडे बघा. शाफ्ट कोरडा पडला तरी तो स्वतः लगेच तुटत नाही. मार बसतो दोन्ही टोकांच्या बेअरिंगांना आणि सीलना. ज्या जागी ग्रीस नसल्यामुळे हे घडते ती जागा प्लास्टिकच्या गार्डखाली झाकलेली असते. त्यामुळे वरून दिसणाऱ्या निपलमध्ये (ग्रीस भरायच्या तोंडात) ग्रीस भरले जाते आणि आतला सरकता पाइप अनेक हंगाम तसाच राहतो.

या शाफ्टवर किती ताण येतो ते आधी पाहू. पीटीओचा सर्वाधिक वापरातला वेग मिनिटाला ५४० फेऱ्यांचा, म्हणजे सेकंदाला ९ फेऱ्या. ५० एचपीची पूर्ण ताकद या वेगाने शाफ्टमधून गेली, तर पिळणारा जोर सुमारे ६६० न्यूटन-मीटर होतो. एक मीटर लांब पान्याच्या टोकाला ६७ किलो वजन लटकवल्यावर नटावर जेवढा पीळ येईल, तेवढा पीळ इथे सतत चालू असतो. तो पीळ झेलत असतानाच शाफ्टला दोन गोष्टी कराव्या लागतात: कोनात वाकून फिरायचे आणि अवजार वर-खाली झाले की लांब-आखूड व्हायचे. वाकण्याचे काम दोन टोकांचे युनिव्हर्सल जॉइंट करतात, लांबीचे काम एकात एक बसलेले दोन पाइप करतात. ग्रीस लागते ते मुख्यतः या दोन कामांसाठी.

सरकता पाइप: सगळ्यात दुर्लक्षित जागा

आतला आणि बाहेरचा पाइप गोल नसतात. त्यांचा आकार त्रिकोणी, लिंबासारखा, ताऱ्यासारखा किंवा चौकोनी असतो, म्हणजे ते एकमेकांना फिरवू शकतात आणि लांबीत सरकूही शकतात. फिरवताना मात्र दोघांच्या कडा एकमेकींवर प्रचंड जोराने दाबलेल्या असतात. अंदाजासाठी गणित करून बघू. ६६० न्यूटन-मीटरचा पीळ केंद्रापासून २ सेंटिमीटरवरच्या कडांवर पेलला जातो असे धरले, तर त्या कडांवरचा एकूण दाब येतो ३३,००० न्यूटन. ग्रीस लावलेल्या लोखंडावर घर्षण या दाबाच्या साधारण दहावा हिस्सा असते, म्हणजे भाराखाली पाइप सरकवायला ३,३०० न्यूटन, जवळपास ३३५ किलो जोर लागतो. पाइप कोरडा आणि गंजलेला असेल तर घर्षण अडीच पटींवर जाते आणि तोच आकडा ८०० किलोंच्या वर पोचतो.

हा जोर जातो कुठे? लांबीच्या दिशेने, थेट एकीकडे पीटीओच्या बेअरिंगवर आणि दुसरीकडे गिअरबॉक्सच्या इनपुट बेअरिंगवर. अवजार उचलताना, बांधावरून चाक जाताना, वळताना प्रत्येक वेळी ही ढकलाढकल होते. बेअरिंग थोडे ढिले पडले की शाफ्टचे टोक सीलमध्ये हलायला लागते आणि तेल बाहेर येते. मग सील बदलले जाते, कारण गळते ते सील. पाइप तसाच कोरडा राहतो.

या भागाला निपल असले तरी हंगामात एकदा शाफ्ट ट्रॅक्टरवरून उतरवून दोन्ही पाइप पूर्ण वेगळे करावेत असे आमचे ठाम मत आहे. जुन्या ग्रीसमध्ये धूळ मिसळली की तो लगदा घासणाऱ्या पेस्टसारखाच काम करतो. त्यावर नवे ग्रीस चढवून उपयोग नाही. वेगळे करण्याआधी दोन्ही बाजूंना रंगाची एक-एक खूण करा, तिचे कारण पुढे येईल. पाइप रॉकेलने किंवा डिझेलने धुवा, बाहेरच्या पाइपच्या आतूनही काठीला फडके गुंडाळून पुसून घ्या आणि पूर्ण वाळू द्या. कडांवर उठलेली बारीक धार किंवा ओरखडे बोटाला लागत असतील तर कानशीने सपाट करा. काही शाफ्टच्या आतल्या पाइपवर नायलॉनचा थर असतो. तसा थर असेल तर कानस, तारेचा ब्रश किंवा पॉलिश पेपर लावू नका. नंतर आतल्या पाइपला सर्व बाजूंनी, पूर्ण लांबीभर ग्रीसचा पातळ सलग थर द्या. गोळेच्या गोळे भरू नका. बाहेरच्या पाइपच्या बंद टोकाशी ग्रीस साचले, तर पाइप पूर्ण आत जात नाही. शेवटी शाफ्ट हाताने चार-पाच वेळा आत-बाहेर करा. रिकामा शाफ्ट हाताने सहज सरकला पाहिजे. इथे अडकत असेल तर भाराखाली तो सरकणार नाही हे नक्की.

लांबी चुकीची असेल तर मात्र कितीही ग्रीस लावून फायदा नाही. अवजार जोडून, ट्रॅक्टर बंद ठेवून, ते उचलण्याच्या सर्व टप्प्यांतून न्या आणि शाफ्ट सर्वात आखूड कोणत्या स्थितीत होतो ते शोधा. त्या स्थितीतही पाइपच्या टोकाला आत जायला ३ ते ५ सेंटिमीटर जागा उरली पाहिजे. जागा संपली की शाफ्ट सळईसारखा घट्ट होतो आणि उचलण्याच्या हायड्रॉलिकचा सगळा जोर बेअरिंगांवर येतो. उलट सर्वात लांब स्थितीत किमान एक तृतीयांश पाइप एकमेकांत असला पाहिजे, नेहमीच्या कामात अर्धा असेल तर उत्तम. त्याहून कमी असेल तर पाइप टोकाशी वाकतात आणि फाटतात. शाफ्ट कापावा लागला तर आतला पाइप, बाहेरचा पाइप आणि गार्डचे दोन्ही भाग सारख्याच मापाने कापा. कापल्यावर कडा घासून गुळगुळीत करा आणि लोखंडाचा कीस पूर्ण झटकून मगच ग्रीस लावा. तो कीस आत राहिला तर पहिल्याच दिवशी ओरखडे पडतात.

क्रॉस आणि त्याच्या चार टोप्या

युनिव्हर्सल जॉइंटच्या मध्यभागी अधिक चिन्हासारखा क्रॉस असतो. त्याच्या चारही टोकांवर टोपी, टोपीत बारीक रोलरचे नीडल बेअरिंग, तळाशी रबरी सील आणि टोपी योकमधून (क्रॉसला धरणारा दोन कानांचा चिमटा) निसटू नये म्हणून सर्कलिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी). क्रॉसच्या पोटातून चारही टोकांकडे जाणारी बारीक भोके असतात. एका निपलमधून भरलेले ग्रीस या वाटांनी चारही टोप्यांत जाते.

हे बेअरिंग पूर्ण फेरी कधीच घेत नाही, फक्त मागे-पुढे थोडेसे डोलते. त्यामुळे रोलर त्याच त्या पट्ट्यावर दाबत राहतात आणि तिथले ग्रीस दर फेरीला बाजूला सारले जाते. गोल फिरणाऱ्या बेअरिंगमध्ये ग्रीस आपोआप पसरते, इथे ते बाहेरून वारंवार द्यावे लागते. जुन्या पद्धतीच्या बहुतेक शाफ्टवर दर ८ कामाच्या तासांनी, म्हणजे रोज एकदा, ग्रीस मारायचा नियम याचमुळे आहे. सुधारित सील असलेल्या नव्या शाफ्टवर ही मुदत ५०, १०० किंवा २५० तासांचीही असते. गार्डवर चिकटवलेले लेबल किंवा पुस्तिका बघा. लेबल उडून गेले असेल आणि शाफ्टचा इतिहास ठाऊक नसेल, तर ८ तास हाच आकडा धरा. धूळ किंवा चिखल फार असेल, किंवा धुण्याने पाणी लागले असेल, तर मुदत काहीही असो, काम संपल्यावर ग्रीस द्या. त्याने आत शिरलेला ओलावा बाहेर ढकलला जातो.

ग्रीस मारायच्या आधी पीटीओचा लिव्हर सोडवा, इंजिन बंद करा, चावी काढून खिशात ठेवा, हँडब्रेक ओढा आणि शाफ्ट पूर्ण थांबल्याची डोळ्यांनी खात्री करा. मग निपल फडक्याने पुसा. न पुसता ग्रीस गन लावली तर निपलच्या तोंडावरची माती तुम्हीच बेअरिंगमध्ये ढकलता. गनचे तोंड सरळ रेषेत बसवा, तिरके बसले की ग्रीस बाजूने येते. हळूहळू दाबा. हाताच्या गनमध्येही काहीशे बारचा दाब तयार होतो, झटके मारून भरले तर सील उलटतो आणि तिथून पुढे धूळ आत जाते.

साध्या सीलच्या क्रॉसवर चारही टोप्यांच्या तळातून स्वच्छ ग्रीस डोकावेपर्यंत भरायचे. आधी काळे किंवा तांबूस ग्रीस येईल, ते पुसत जा. तीन टोप्यांतून आले आणि चौथीतून आले नाही, तर तिथे थांबू नका, कारण कोरडी आहे ती चौथीच. योक दोन्ही बाजूंना हलवा, चौथ्या टोपीच्या विरुद्ध बाजूने दाब द्या आणि पुन्हा भरा. तरी येत नसेल तर त्या टोकाची वाट जुन्या ग्रीसच्या खड्याने बंद झाली आहे, क्रॉस काढून साफ करावा लागेल किंवा बदलावा लागेल. लांब मुदतीच्या शाफ्टवर मात्र सील इतके घट्ट असतात की ग्रीस बाहेर येईलच असे नाही. तिथे लेबलवर सांगितलेले झटके, म्हणजे गनचे तेवढेच दाब, देऊन थांबा.

निपलच ग्रीस घेत नसेल तर नवे बसवणे स्वस्त आणि सोपे. सहसा एम६, एम८ किंवा पाव इंच आट्यांचे निपल येतात. जुने सोबत नेऊन तसेच आणा. गनचे तोंड निसटून ग्रीसची धार बोटात घुसली तर जखम टाचणीएवढी दिसते, पण ग्रीस आत पसरलेले असते. अशा वेळी घरगुती उपाय न करता त्याच क्षणी रुग्णालय गाठा. उशीर झाला तर बोट जाऊ शकते.

आता रंगाच्या खुणेबद्दल. एकच जॉइंट कोनात फिरतो तेव्हा त्याच्या पलीकडचा वेग सारखा राहत नाही, दर फेरीत दोनदा वाढतो आणि दोनदा कमी होतो. ३० अंशांच्या कोनात ५४० फेऱ्या दिल्या, तर पलीकडे वेग ४६८ ते ६२४ यांच्यामध्ये डोलतो. दुसरा जॉइंट हा डोल नेमका उलटा करून रद्द करतो, पण दोनच अटींवर: दोन्ही टोकांचे कोन सारखे हवेत आणि मधल्या पाइपच्या दोन्ही टोकांचे योक एका रेषेत हवेत. त्रिकोणी किंवा स्प्लाइनचा (लांबीत दातेरी खाचा असलेला) शाफ्ट वेगळा करून पुन्हा जोडताना एक घर सरकले, तर योक रेषेबाहेर जातात आणि डोल रद्द होण्याऐवजी शिल्लक राहतो. शाफ्ट थरथरतो, क्रॉस लवकर जातात, आणि पुष्कळदा ग्रीस कमी पडले म्हणून क्रॉस गेला असे समजले जाते.

रोटाव्हेटरसारखे अवजार वर उचलताना पीटीओ चालू ठेवायची सवय क्रॉसला फार महाग पडते. कोन जितका मोठा, तितके रोलर जास्त डोलतात आणि वेगाचा डोलही वाढतो. वळणावर उचलायचे असेल तर पीटीओ सोडा, किंवा उचलण्याची उंची मर्यादित ठेवा. ओढायच्या यंत्रांसाठी मोठ्या कोनाचे दुहेरी जॉइंट मिळतात, ते वळताना बरेच वाकू शकतात. पण त्यांच्या पोटात मधली तबकडी सरकत असते आणि तिला साध्या क्रॉसच्या कितीतरी पट ग्रीस लागते. त्या निपलकडे दुर्लक्ष झाले तर आतला भाग झिजतो, आणि तो साध्या क्रॉसपेक्षा खूप महाग असतो.

ग्रीस कोणते आणि किती

लिथियम किंवा लिथियम कॉम्प्लेक्स साबणाचे, एनएलजीआय २ क्रमांकाचे (हा घट्टपणाचा क्रमांक), जास्त दाबासाठीचे ईपी ग्रीस या सगळ्या जागांना चालते. सरकत्या पाइपला मोलिब्डेनम डायसल्फाइड असलेले काळे ग्रीस जास्त टिकते, कारण तिथे घसरण जास्त आणि वेग कमी असतो. क्रॉससाठी मात्र पुस्तिकेत सांगितलेलेच वापरा. दोन वेगळ्या जातींचे ग्रीस मिसळू नका. लिथियमच्या ग्रीसमध्ये पॉलियुरियाचे किंवा चिकणमातीवर आधारलेले ग्रीस मिसळले की मिश्रण पातळ होऊन टोपीतून गळून जाऊ शकते. रंगावरून जात ओळखता येत नाही, डब्यावरचे वाचा. जात बदलायचीच असेल तर जुने पूर्ण बाहेर येईपर्यंत नवे भरा.

प्रमाण झटक्यांत सांगतात, पण प्रत्येक गनचा झटका वेगळा असतो. एका कागदावर २० झटके ग्रीस काढा, वजन करा आणि २० ने भागा. एक झटका साधारण एक ग्रॅमच्या आसपास निघतो, तुमच्या गनचा खरा आकडा डब्यावर लिहून ठेवा. मध्यम आकाराच्या क्रॉसला ४ ते १० ग्रॅम, गार्डच्या प्रत्येक बेअरिंगला ४ ते ६ ग्रॅम हा चालचलाऊ अंदाज. लेबलवर वेगळा आकडा असेल तर तोच खरा.

पीटीओच्या स्प्लाइनवर आणि योकच्या आतल्या स्प्लाइनवर बोटाने पातळ थर पुरतो. तो नसेल तर दोन्ही धातू एकमेकांवर सूक्ष्म घासून गंजतात आणि योक इतका घट्ट बसतो की हातोडा मारावा लागतो. त्या हातोड्याचा धक्का पुन्हा पीटीओच्या बेअरिंगवरच जातो. लॉक पिन किंवा सरकत्या कॉलरला थोडे तेल द्या आणि जोडल्यावर योक जोरात ओढून बघा. 'टक' आवाज आला म्हणून लॉक बसले असे धरून चालू नका.

गार्ड

गार्ड शाफ्टवर दोन नायलॉनच्या कड्यांवर बसलेला असतो. शाफ्ट फिरताना गार्ड स्थिर राहावा यासाठी साखळी ट्रॅक्टरला किंवा अवजाराला बांधायची असते. कडी कोरडी पडली की गार्ड शाफ्टबरोबर ओढला जातो, साखळी तुटते, प्लास्टिक तापून वितळते आणि शेवटी गार्ड काढून फेकला जातो. उघडा शाफ्ट किती घातक आहे ते आकड्यात बघा: ७ सेंटिमीटर जाडीचा शाफ्ट ५४० च्या वेगाने सेकंदाला जवळपास २ मीटर कापड गुंडाळतो. सैल बाही अडकल्यावर माणसाला हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. म्हणून इंजिन बंद असताना गार्ड हाताने फिरवून बघा. तो मोकळा फिरला पाहिजे. अडकत असेल तर कडी उघडा, साफ करा, ग्रीस द्या, झिजली असेल तर बदला. साखळीने शाफ्ट टांगून ठेवू नका, ती त्या वजनासाठी नसते.

बिघाड ओळखणे आणि क्रॉस बदलणे

टोपीभोवती लालसर भुकटी दिसली तर आत ग्रीस संपून रोलर गंजाबरोबर घासत आहेत असे समजा. अशा क्रॉसमध्ये आता ग्रीस भरून तो वाचत नाही. एक योक घट्ट धरून दुसरा फिरवल्यावर टोपीत हाताला ढिलाई जाणवली, किंवा जॉइंट हाताने वाकवताना मध्येच अडखळला, तरीही बदलायची वेळ झाली. अर्धा तास काम करून ट्रॅक्टर बंद केल्यावर हाताचा मागचा भाग प्रत्येक टोपीजवळ न्या. एकच टोपी बाकीच्यांपेक्षा खूप तापली असेल तर तिथे ग्रीस पोचत नाही.

नवा क्रॉस घेताना टोपीचा व्यास आणि समोरासमोरच्या टोप्यांमधली एकूण लांबी व्हर्नियरने मोजा. २२ बाय ५४, २७ बाय ७०, २७ बाय ७४.६ मिलिमीटर अशी मापे येतात आणि शेवटची दोन नुसत्या नजरेने सारखीच वाटतात. सर्कलिप काढा, टोपी वाइसमध्ये सॉकेटच्या आधाराने दाबून बाहेर काढा. योकच्या कानांवर हातोडा मारू नका. कान किंचित वाकले तरी नवी टोपी कायम अडकून चालते. नवी टोपी बसवताना आतले रोलर ग्रीसने जागेवर चिकटवून ठेवा. टोपी पूर्ण आत जात नसेल आणि सर्कलिप खाचेत बसत नसेल, तर एखादा रोलर तळाशी आडवा पडला आहे. जोर लावू नका, टोपी काढा आणि पुन्हा लावा. निपल गार्डच्या भोकातून गन पोचेल अशा बाजूला ठेवा, नाहीतर त्याला पुढे कधीच ग्रीस मिळणार नाही.

क्लच आणि शिअर बोल्ट

भार फार वाढला की स्लिप क्लच घसरतो आणि शिअर बोल्ट तुटतो, म्हणजे गिअरबॉक्स वाचतो. घर्षण पट्ट्यांच्या स्लिप क्लचला ग्रीस चुकूनही लागू देऊ नका, तो भारच घेणार नाही. त्याचा प्रश्न वेगळा असतो: महिनोन्महिने पडून राहिला की पट्ट्या गंजून एकमेकींना चिकटतात आणि दगड लागला तरी घसरत नाहीत. हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येक स्प्रिंगची लांबी मोजून लिहा, नट सारख्या प्रमाणात सैल करा, दोन-तीन सेकंद पीटीओ लावून क्लच घसरू द्या, मग ट्रॅक्टर बंद करून स्प्रिंग लिहिलेल्या लांबीवर परत आणा. शिअर बोल्टच्या हबला मात्र ग्रीस लागते. बोल्ट तुटल्यावर योक हबवर मोकळा फिरायला हवा, कोरडा असेल तर तिथेच जाम होऊन बोल्ट तुटल्याचा उपयोग उरत नाही. तुटलेल्या बोल्टच्या जागी त्याच मापाचा आणि त्याच ग्रेडचा बोल्ट घाला. जास्त कडक बोल्ट टाकला तर पुढच्या वेळी गिअरबॉक्सचा दात तुटेल.

काम संपल्यावर शाफ्ट जमिनीवर चिखलात पडू देऊ नका. सगळ्या निपलना ग्रीस देऊन, पाइप पूर्ण आत ढकलून, छपराखाली आडवा ठेवा. पाण्याच्या जोराच्या फवाऱ्याने यंत्र धूत असाल तर धार टोप्यांच्या सीलवर थेट मारू नका, आणि धुणे झाले की त्याच दिवशी ग्रीस द्या.